हायब्रिड घेण्याआधी आपला रस्ता आणि आपले किलोमीटर बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. आमची २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आता थकलीय आणि गेले चार महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय चाललाय, छोटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यायची का नाही. चार शोरूम फिरले, दोन टेस्ट ड्राइव्ह झाल्या, वहीची सहा पानं आकड्यांनी भरली. त्यातून जे कळलं ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटलं, कारण ठाण्यातल्या निम्म्या घरांत हाच प्रश्न आहे आणि जाहिरातीत फक्त मायलेजचा मोठा आकडा दिसतो, बाकी काही नाही.

आधी एक गोंधळ दूर करते. एका शोरूममध्ये मला सांगितलं, "मॅडम, ही पण हायब्रिडच आहे," आणि किंमत ऐकून मी खूश झाले. घरी येऊन नीट वाचल्यावर समजलं की ती माइल्ड हायब्रिड, म्हणजे छोटी मोटर इंजिनला जरा हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन चालू करते, पण ती गाडी नुसत्या बॅटरीवर एक इंचही पुढे सरकत नाही. खरी ती स्ट्राँग हायब्रिड, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर किंवा होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल, तिन्ही आपल्याकडे २०२२ साली आल्या. या गाड्या कमी स्पीडला इंजिन बंद ठेवून बॅटरीवर चालतात आणि ब्रेक मारला की जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते ती परत बॅटरीत भरतात. प्लगला लावायची गरज नाही, लावताही येत नाही. बॅटरी तशी लहानच असते, हायरायडरची तर पाऊण युनिटच्या आसपास, पण दिवसभर भर-रिकामी, भर-रिकामी चालू असतं त्यामुळे तेवढी पुरते. शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, ही गाडी इंजिन बंद ठेवून चालते का, हो किंवा नाही एवढंच सांगा.

आता माझा रस्ता. वर्तकनगरहून महापे, पोखरण रोड, कॅडबरी, कोर्ट नाका, कळवा पूल, मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून दिघा, ऐरोली, रबाळे. ज्यांनी सकाळी साडेआठला विटाव्याला गाडी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. मी टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घ्यायला नकार दिला, म्हटलं शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला द्या आणि माझ्याच रस्त्याने न्या. कळव्याच्या पुलावर चढताना सगळं थांबलं होतं, रिक्षा, टेम्पो, बस, आणि आमची गाडी अगदी गप्प, एसी चालू, इंजिन बंद, समोर ईव्ही असा हिरवा दिवा, म्हणजे गाडी नुसत्या बॅटरीवर. दोन फूट पुढे, थांब, दोन फूट पुढे, थांब, आणि डाव्या पायाला कामच नाही. माझ्या आत्ताच्या गाडीची क्लचप्लेट याच रस्त्याने दोनदा खाल्लीय, गुडघ्याचं तर बोलूच नका. अकरा किलोमीटरला पंचावन्न मिनिटं लागली आणि स्क्रीनवर ॲव्हरेज आलं २२. माझी गाडी तिथे ११ देते, टाकी फुल करून वहीत लिहून काढलेला आकडा आहे, अंदाज नाही.

कंपनीचा कागदावरचा आकडा ग्रँड विटारा हायब्रिडसाठी २७.९७ आहे. तो ठरलेल्या टेस्टमधला आकडा, रस्त्यावर तेवढा धरून हिशेब करू नका. माझ्या ऑफिसमधली मैत्रीण दीड वर्षं हायब्रिड चालवतेय, तिला रोजच्या ट्रॅफिकमध्ये २० मिळतात पण एक्स्प्रेसवेला शंभरच्या पुढे गेली की १७-१८ वर येते, म्हणजे पेट्रोल गाडीच्या एकदम उलट. हायवेला इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं, ब्रेक क्वचित लागतो, मग बॅटरीत भरणार काय? दर आठवड्याला पुणे किंवा नाशिक करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज सगळ्यांचंच थोडं खाली येतं, हायब्रिडसुद्धा सुटलेली नाही.

पैशाचं बोलू. मी बघितलेल्या एकाच गाडीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिडमध्ये मला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे ऑनरोड फरक दोन लाख साठ हजारांचा. मी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवते. ट्रॅफिकमध्ये पेट्रोल गाडीला १२ चं ॲव्हरेज धरलं तर १००० लिटर, हायब्रिडला २० धरलं तर ६०० लिटर, म्हणजे वर्षाला ४०० लिटर वाचले, १०३ रुपयांच्या भावाने ४१ हजार. फरक भरून निघायला सव्वासहा वर्षं. माझा भाऊ सीवूड्सला राहतो, कामाला लोकलने जातो, गाडी फक्त रविवारी पाम बीचवर किंवा सणासुदीला आमच्याकडे यायला काढतो, वर्षाला पाच हजार किलोमीटर कसेबसे. त्याची बचत सतरा हजार, म्हणजे पंधरा वर्षं लागतील. त्याला मी सरळ सांगितलं, तू घेऊ नकोस. त्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या हायब्रिडची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरून गाडी चालूच न होण्याची कटकट असते ती वेगळीच.

पण मला जास्त काळजी वाटते ती याच्या पुढच्या वर्षांची. हायब्रिडच्या बॅटरीला साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. माझा फायदा सुरू होणार सव्वासहा वर्षांनी आणि वॉरंटी संपणार आठव्या वर्षी, म्हणजे निर्धास्तपणे कमवायला मिळतात पावणेदोन वर्षं. त्यानंतर बॅटरी चालली तर चालली, आणि बऱ्याच गाड्यांची चालतेसुद्धा, जपानमध्ये टोयोटाची हायब्रिड गाडी प्रियस १९९७ साली आली तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे. पण आमच्यासारखे लोक गाडी बारा-तेरा वर्षं वापरतात आणि आमचा लोकमान्यनगरचा मेकॅनिक, ज्याने आमच्या गाडीला लेकरासारखं सांभाळलं, तो नारिंगी वायर बघून म्हणाला, "ताई, याला मी हात नाही लावणार." हाय व्होल्टेजची वायर ती, त्याचं बरोबरच आहे. म्हणजे कायम कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जायचं. उलट बाजूने क्लचचा खर्च नाही आणि ब्रेक पॅड जास्त टिकतात, हेही वहीत मांडलंय मी.

पावसाळ्याचंही विचारून ठेवा. वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबतं तेव्हा हायब्रिड काही वेगळी नाही, इंजिनात पाणी गेलं तर इंजिन जातंच, वर गाडीत आत पाणी शिरलं तर महागडी बॅटरी पण धोक्यात. इन्शुरन्स काढताना बॅटरीचं कव्हर त्यात धरलंय का वेगळं घ्यावं लागतं हे लेखी विचारा. बॅटरी थंड ठेवायला हवा आत घेणारी जाळी असते, ती कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवायला सांगा आणि तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका.

डिकीबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून जरा जास्त लिहिते. माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, घडीची व्हीलचेअर बरोबर असते. मी ती खुर्ची शोरूमला घेऊन गेले. पेट्रोल मॉडेलच्या डिकीत खुर्ची आडवी सरकली, वर एक बॅगही राहिली. त्याच गाडीच्या हायब्रिडमध्ये डिकीचा तळ बॅटरीमुळे वर उचललेला, खुर्ची घालून दार लावायला गेलो तर चाक बाहेर. आडवी केली, तिरकी केली, पायाच्या पट्ट्या काढल्या, नाहीच. शेवटी मागच्या सीटचा एक भाग पाडल्यावर बसली, म्हणजे मागे एक माणूस कमी. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी खुर्ची, वॉकर जे असेल ते घेऊनच जा, डिकी किती लिटरची या आकड्यावरून काही कळत नाही.

मग इलेक्ट्रिकच का नाही, असं सगळे विचारतात. घेतली असती हो. आमची सोसायटी जुनी, पार्किंग मागच्या गल्लीत, मीटर रूमपासून साठ-सत्तर मीटर लांब, चार्जरसाठी अर्ज दिला त्याला आठ महिने झाले, कमिटी म्हणते वायर कुणाच्या पार्किंगवरून न्यायची ते आधी ठरू दे. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना ही अडचण नाही, त्यांनी जरूर इलेक्ट्रिक घ्यावी. वर्तकनगर, नौपाडा, कोपरी, वाशीच्या जुन्या सेक्टरमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं?

इथेच सरकारकडे माझं मागणं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, इलेक्ट्रिक ५ वर राहिल्या आणि चार मीटरच्या वरच्या हायब्रिडला ४०. आधी सेस धरून हायब्रिडला ४३ आणि तेवढ्याच लांबीच्या, दीड लिटरपर्यंतच्या साध्या पेट्रोल गाडीला ४५ होते, म्हणजे निदान दोन टक्क्यांची कदर होती, तीही गेली, आता दोघींना सारखेच ४०. कमी पेट्रोल जाळणाऱ्या गाडीला काहीच वेगळेपण उरलं नाही. नियमाप्रमाणे चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्केच लागतो, पण मी चार शोरूम फिरले, तशी स्ट्राँग हायब्रिड कुणी दाखवली नाही. हायब्रिड पेट्रोल जाळते म्हणून इलेक्ट्रिकसारखी सवलत नको, हे मला मान्य आहे. पण ४०० लिटर वाचवते त्याचं काहीतरी मोल धरा.

राज्याच्या हातात रोड टॅक्स आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे इलेक्ट्रिकला माफी आहे, हायब्रिडला मात्र पेट्रोलसारखाच, १० ते २० लाखांच्या गाडीला १२ टक्के. आमच्या कोटेशनमध्ये ती एक ओळ दोन लाखांच्या वर जाते. स्ट्राँग हायब्रिडसाठी ती निम्मी केली तरी माझा सव्वासहा वर्षांचा हिशेब चार वर्षांच्या आत येतो, आणि पुढची चार वर्षं बॅटरी वॉरंटीत असते.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे पश्चिम