डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी मैदानाबाहेरच राहावा

महोदय,

गोव्यातील शालेय आणि गावपातळीवरील फुटबॉल स्पर्धांच्या आयोजकांना आपल्या दैनिकातून एक कळकळीची विनंती करावयाची आहे. डोक्याला मार लागून कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, नुसती शंका जरी आली, तरी त्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, हे स्पर्धेच्या नियमावलीतच लिहून घ्यावे.

अलीकडेच फोंडा तालुक्यातील एका मैदानावर हेडरसाठी उडी घेताना दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यातला एक उठला खरा, पण दोन पावलांतच त्याचा तोल गेला. डोक्यावर बाटलीभर पाणी ओतून, ‘किती बोटे?’ एवढे विचारून त्याला टाळ्यांच्या गजरात आत पाठवण्यात आले. सामना संपल्यावर तोच मुलगा आपण जिंकलो की हरलो, हे मित्रांना पुन्हा पुन्हा विचारत होता. तिथे कुणाचा हेतू वाईट नव्हता. काय पाहायचे, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

शुद्ध हरपली तरच मार गंभीर, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्या बहुतेक खेळाडूंची शुद्ध जात नाही आणि सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. तोल जाणे, मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी, उजेड सहन न होणे, गोंधळलेली नजर, यांपैकी एक लक्षणही खेळाडूला बाहेर काढण्यास पुरेसे मानावे. बोटे मोजायला लावण्यापेक्षा, आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, असे विचारावे. मात्र उत्तरे बरोबर आली म्हणून धोका टळला असे समजू नये, कारण काही लक्षणे कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर मार लागल्यानंतरही काही मिनिटे खेळत राहिला आणि हा अंतिम सामनाच आहे ना, असे त्याने पंचांना विचारले. डॉक्टरांचा ताफा हजर असताना हे घडते, तर आपल्या गावच्या मैदानांची काय कथा!

एक खेळाडू कमी पडेल, ही प्रशिक्षकांची अडचण मला समजते. पण क्रिकेटने २०१९ मध्येच कन्कशनसाठी बदली खेळाडू मान्य केला आहे, आणि फुटबॉलच्या नियमांनीही जुलै २०२४ पासून असा जादा बदल करण्याची मुभा स्पर्धांना दिली आहे. आयोजकांनी ती स्वीकारावी, एवढेच करायचे आहे.

पालकांनीही एक-दोन दिवस मुलाला विश्रांती द्यावी आणि त्याच्यावर लक्ष ठेवावे. पुढे चालणे, हलका व्यायाम, शाळा, चेंडूचा सराव असे टप्प्याटप्प्याने जावे, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावा. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी किंवा न ओसरणारी गुंगी दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ ला फोन करून बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, गाठावे. आणि मार लागलेल्या मुलाला स्वतः स्कूटर चालवत घरी जाऊ देऊ नये. आज आपल्या मैदानांवर हे सर्रास घडते.

– एक क्रीडाशिक्षक, फोंडा