गोळीतला साबण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फेऱ्या झाल्या की आम्ही म्हातारे जरा टेकतो. परवा एकाने खिशातून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली काढली. घटकांच्या यादीत ‘मॅग्नेशियम स्टिअरेट’ होतं आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या मेसेजात ते ‘विष’ होतं. गड्याने गोळ्याच बंद केल्या. अंबडच्या एका औषध कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं टॅब्लेट मशीनवर काढली, म्हणून हे पत्र.

ही पांढरी पावडर म्हणजे एक साबणच. अंगाच्या साबणातल्या सोडियमची जागा मॅग्नेशियमने घेतली की तो ना विरघळतो ना फेस देतो. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो चिकट साका धरतो, तो हिचाच भाऊबंद. त्यात कॅल्शियम जास्त, एवढंच. हाताला बसली की नळाखाली पाण्याचे मोती होऊन ओघळतात, हात कोरडाच.

काम वंगणाचं. ही नसेल तर गोळी डायमधून, म्हणजे साच्यातून, निघताना मशीन कुरकुरतं, माल वरून दाबणाऱ्या पंचला चिकटतो आणि गोळीवरचं अक्षर अर्धंच उमटतं. लागते साधारण एक टक्का किंवा कमीच. म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या गोळीत 5 मिलिग्रॅम. त्यातलं स्टिअरिक आम्ल आपल्या साजूक तुपातही असतं.

मिसळायची मात्र सगळ्यात शेवटी, चाळून, दोन-तीन मिनिटंच. एकदा रात्रपाळीला ब्लेंडर चालू ठेवून मी चहाला गेलो आणि गप्पांत अर्धा तास गेला. दाण्यादाण्यावर हिचा थर चढला. गोळ्या दिसायला झकास, पण नखाने चुरत होत्या, आणि पाण्यात विरघळायचं नाव घेईनात. अख्खी बॅच बाद. मेमो मिळाला तो वेगळा!

एक शंका मात्र रास्त आहे. हे स्टिअरिक आम्ल पाम तेलातून येतं तसं जनावराच्या चरबीतूनही. माळकरी माणसाने विचारलं तर केमिस्टला सांगता येत नाही, कारण औषधाच्या स्ट्रिपवर तसं काही छापलेलंच नसतं. ‘वनस्पतिजन्य’ हा एक शब्द छापायला कंपन्यांना किती शाई लागणार?

मित्राची बाटली मात्र औषधाची नव्हे, पूरक आहाराची; तिच्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. मेसेज वाचण्याच्या नादात त्याने तो पाहिलाच नव्हता.

– एक निवृत्त ऑपरेटर, सिडको, नाशिक