शाळेच्या बसचं मागचं दार उघडतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास आरटीओ स्कूल बस अडवून विमा, परमिट, चालकाचं लायसन्स, प्रथमोपचार पेटी बघतात. बघायलाच हवं. पण गाडीच्या बॉडीकडे नीट बघणारा क्वचितच भेटतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बॉडीकामात आयुष्य गेलं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे जुन्या गाड्यांना सीमा आडवी येत नाही. कोल्हापूर-इचलकरंजीकडून कारखान्याची जुनी स्टाफ बस घ्यायची, एनओसी आणून बेळगावचा केए २२ नाहीतर चिक्कोडीचा २३ नंबर पाडायचा, पिवळा रंग मारायचा, झाली स्कूल बस! हटकलं तर उत्तर तयार असतं, "तिकडचं पासिंग आहे हो, इथले नियम वेगळे." परमिट, कर, मदतनीस याबाबत हे खरं आहे, महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतःचे नियम केले, कर्नाटकाचे वेगळे आहेत. बॉडीला मात्र ही सबब लागू नाही. तिची मानकं केंद्राची आहेत, त्यांना एआयएस म्हणतात : बसगाड्यांना एआयएस ०५२ आणि खास स्कूल बसला एआयएस ०६३. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे माप एकच.

या मानकांमागे बराच विचार आहे. मोठ्या बसचा सांगाडा एआयएस ०३१ प्रमाणे तपासतात. गाडी ८०० मिलिमीटर उंचीच्या फलाटावरून कुशीवर पाडली, तरी माणसं बसतात त्या जागेत पिलर किंवा छत घुसता कामा नये, ही त्याची कसोटी. उसाच्या हंगामात ट्रॉल्या चुकवताना आपल्याकडे बसचं एक चाक कितीदा साइडपट्टीवरून खाली उतरतं, हे वाचकांना सांगायला नको. सीटच्या कापडाने पटकन पेट घेऊ नये, सीट फ्लोअरला पक्की धरलेली असावी, यालाही मानकं आहेत. शिवाय जानेवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने स्कूल बसच्या प्रवासी कप्प्यातही आग ओळखून इशारा देणारी यंत्रणा आणली. जुन्या स्टाफ बसला पिवळा रंग दिल्याने ती कुठून येणार?

माझा खरा मुद्दा मागच्या दाराचा आहे. मुलांनी हात-डोकं बाहेर काढू नये म्हणून स्कूल बसच्या खिडक्यांना आडवे गज असतात. ते योग्यच आहे, पण मग खिडकीतून बाहेर पडायची वाट बंद होते. पुढचं दार अडकलं तर उरतं ते मागचं आपत्कालीन दार, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून ते सहज उघडलं पाहिजे. प्रत्यक्षात? मुलं खेळतात म्हणून हँडल बाइंडिंग तारेने बांधलेलं. काही गाड्यांत दारासमोरच प्लायवूडला रेक्झिन लावून केलेला जादा बाक, अँगलने फ्लोअरला वेल्ड केलेला. चार मुलं जास्त बसतात, तेवढाच हिशोब. पासिंगच्या आदल्या दिवशी ग्राइंडरने तो बाक कापून काढायचा आणि सर्टिफिकेट मिळालं की परत जोडायचा, असं काम घेऊन येणारे मालक मी पाहिले आहेत. पहिली आठ वर्षं फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. मधल्या काळात बघणार कोण?

असा बदल करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे. कलम १८२ अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही "मालकाने सांगितलं, आम्ही केलं" म्हणून हात झटकू नयेत.

बेळगाव आणि चिक्कोडी आरटीओंना विनंती की, तपासणी शाळेच्या आवारात, मुलं उतरतानाच, आगाऊ न कळवता व्हावी. अधिकाऱ्यांनी गाडीत चढून मागचं दार आतून स्वतः उघडावं, मग खाली उतरून बाहेरून. पालकांनी पहिल्याच सभेत शाळेला दोन गोष्टी विचाराव्यात : ही गाडी मुळात स्कूल बस म्हणूनच मंजूर झाली आहे का, आणि आरसीवर आसनं किती. नंतर गाडीत चढून बाक मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त बॉडी कारागीर,
अनगोळ, बेळगाव