मित्राला पत्र: उद्या ४१ अंश सांगितलंय

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू सांगितलंस की वरच्या कातळाच्या सड्यावरनं वणवा खाली उतरला आणि तुझी चाळीस कलमं मोहोरासकट होरपळली, तेव्हा मला धड बोलताच आलं नाही. त्या कलमांना आपण कॉलेजच्या सुट्टीत हंड्यांनी पाणी घातलंय रे, दोन-दोन खेपा, खांदे सोलवटून निघायचे. फोन ठेवल्यावर खूप वेळ ओट्यापाशी नुसता उभा होतो. म्हणून आज सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय, जे तेव्हा सुचलं नाही ते सगळं लिहितो.

तू विचारलंस तुमच्याकडे पण असंच असतं का. असतं, आणि इथे ऑस्ट्रेलियात तर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, अख्खं घर वणव्याभोवतीच फिरतं. आम्ही किंगलेकच्या डोंगराच्या पायथ्याला राहतो, मेलबर्नपासून तासाभरावर, पाच एकर जागा, दोन बकऱ्या, नऊ कोंबड्या आणि तीन बाजूंनी निलगिरी. ही निलगिरी म्हणजे तेलच. उन्हात तिचा वास एवढा उग्र होतो की घसा धरतो, आणि तिच्या सालीच्या लांब लांब चिंध्या लोंबत असतात, त्या पेटल्या की वाऱ्यावर कित्येक किलोमीटर उडत जाऊन पुढे नवीन आग लावतात. घरं बरेचदा ज्वाळांनी नाही जळत, ह्या ठिणग्यांनी जळतात, पन्हळीतला पाला, दारातलं पायपुसणं, व्हरांड्यातली वेताची खुर्ची, असल्या कशावर तरी ठिणगी पडते आणि अर्ध्या तासाने घर नसतं.

त्यामुळे आमचा उन्हाळा म्हणजे साफसफाई. रविवारी सकाळी शिडी लावून पन्हळी साफ करायच्या, गवत घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, लाकडाचा ढीग घरापासून लांब, भिंतीला लागून एकही झुडूप नाही. बायकोने हौसेने लावलेली जाई मी गेल्या वर्षी काढून टाकली, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, आणि तिचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. मग पंप. इथे नळाचं पाणी नाही, पावसाचंच पाणी टाकीत साठवतो, आणि आग आली की लाईट आधी जाते म्हणजे विजेचा पंप बंद, म्हणून पेट्रोलचा वेगळा पंप ठेवलाय, तो दर आठवड्याला चालू करून बघायचा. एका टाकीतलं दहा हजार लिटर पाणी फक्त आगीसाठी, त्याला कोणी हात लावत नाही, अंघोळीला पाणी कमी पडलं तरी नाही.

रस्त्यावर एक अर्धगोल बोर्ड असतो, त्यावर आजचा धोका किती ते दाखवतात, हिरवा, पिवळा, केशरी आणि शेवटचा गडद लाल, त्याला कॅटॅस्ट्रॉफिक म्हणतात. टोटल फायर बॅन लागला की बाहेर चूल नाही, शेगडी नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. लोक पाळतात रे. शेजारच्या म्हाताऱ्याचं फाटक मोडलं होतं, वेल्डिंगला दहा मिनिटं लागली असती, पण सहा दिवस दोरीने बांधून ठेवलं त्याने.

हा म्हातारा २००९ च्या ७ फेब्रुवारीला इथेच होता. ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्या दिवसाला. मेलबर्नला पारा ४६.४ वर गेला होता, त्याच्या आदल्या आठवड्यात सलग तीन दिवस ४३ च्या वर. किलमोर ईस्टला विजेची एक जुनी तार तुटली आणि तिथनं आग लागली, दुपारभर उत्तरेच्या वाऱ्याने ती दक्षिणेकडे पळत होती, आणि संध्याकाळी वारा फिरला. इथे नेहमी असंच होतं, दिवसभर वाळवंटाकडनं भट्टीसारखा वारा, मग एकदम दक्षिण-पश्चिमेचा गार वारा, लोकांना वाटतं सुटलो, पण त्याच वाऱ्याने आगीची लांबच्या लांब बाजूच पुढचं तोंड बनते. तशीच ती किंगलेकवर आली. त्या दिवशीच्या आगींत १७३ माणसं गेली. म्हातारा ह्यावर कधी बोलत नाही, मी विचारतही नाही. फक्त मी जागा घेतली तेव्हा त्याने एकच सांगितलं होतं, धूर दिसल्यावर निघू नकोस, सकाळी निघ.

आणि हेच सगळ्यात अवघड आहे, दोस्ता. धूर नसताना निघायचं. आकाश निळंशार, चहा होतोय, आणि आपण पोरांचे दाखले, आईचा फोटो, औषधं, तिची नथ पिशवीत भरतोय. बकऱ्यांना गवत पार खाऊन उघड्या पडलेल्या कुंपणात सोडायचं, तिथे जळायला काही नसतं, पाण्याचे टब भरून ठेवायचे, कोंबड्या खोक्यांत. गॅरेजमध्ये आमच्या कोंबड्या ठेवून घेणारं एक नगरचं कुटुंब आहे मेलबर्नला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दाराला कुलूप लावताना दर वेळी भिंतीवर हात ठेवतो. संक्रांतीला असंच निघालो, तिळाचं सारण ताटात तसंच ठेवून. संध्याकाळी परत आलो, काहीच झालं नव्हतं. ह्या उन्हाळ्यात चार वेळा गेलो, चारही वेळा काही झालं नाही. धाकटी म्हणाली, बाबा उगाच जातो आपण. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की आपण पाचव्यांदाही जाणार.

आता तुझं. साल नखाने खरवडून बघ, आत हिरवं ओलं असेल तर कलम जिवंत आहे, पाऊस पडेपर्यंत कुऱ्हाड लावू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. तुझ्या बांधावरनं गेलेल्या तारा झोळल्यात ना, त्याचा फोटो काढून लेखी अर्ज दे, पोच घे, तोंडी सांगून सोडू नकोस. आणि पुढच्या वर्षी दिवाळी झाली की गवत पिवळं पडायच्या आत गडग्याबाहेर दहा-बारा फुटांचा पट्टा काढ, पार मातीपर्यंत. इथले मूळ लोक हजारो वर्षं गारव्याच्या दिवसांत थोडी थोडी, पायाशी राहील एवढीच आग लावत आलेत, म्हणजे उन्हाळ्यात मोठ्या आगीला खायला उरत नाही. ते ऐकलं तेव्हा मला तुझ्या आजोबांची पेरणीआधी जमीन भाजायची भाजावळ आठवली, वारा पडल्यावरच लावायचे आणि विझेपर्यंत हातात ओला टहाळा घेऊन उभे राहायचे. सड्यावर आता कोण उभं राहतं सांग? वाडीतली पोरं मुंबईला, गवत कापायला माणूस नाही, तेच गवत कंबरेएवढं वाढतं आणि फेब्रुवारीत पेटतं. तुम्ही पाच-सहा बागवाले मिळून पट्टा काढलात तर मजुरीतला माझा वाटा मी देणार, ह्यावर वाद घालू नकोस. पाठीवरचे दोन फवारे पण घेऊन ठेव, भरलेले.

एप्रिलमध्ये येतोय मी. इथला सीझन संपला की लगेच. जळालेल्या जागी नवी रोपं लावायची तर खड्डे मी खणणार.

साडेअकरा झालेत, बाहेर अजून ३० आहे आणि वारा उत्तरेचा. उद्या ४१ सांगितलंय, बोर्ड केशरी. पिशव्या दारात आणून ठेवल्यात, आठला निघू. पोचलो की मेसेज टाकतो, वहिनीला सांग काळजी करू नको म्हणून.

तुझा,
सड्यावरचा दोस्त