संपादनातला वेळ नेमका जातो कुठे?

महोदय,

छायाचित्र-संपादनाची चर्चा बहुधा फोटोशॉपपाशीच थांबते. पण शेकडो रॉ (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) फायलींमधून निवड करण्यातच किती वेळ जातो, याचा विचार क्वचितच होतो. ‘फोटो मेकॅनिक’ हे छायाचित्रे निवडण्याचे सॉफ्टवेअर रॉ फाइल उलगडत बसण्याऐवजी तिच्यात कॅमेऱ्याने आधीच साठवलेली जेपीईजी प्रतिमा दाखवते, म्हणून छायाचित्रे झरझर पुढे सरकतात. मोफत मिळणाऱ्या ‘डार्कटेबल’ या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका छायाचित्रावरील बदल ‘स्टाइल’ म्हणून जतन करून इतरांवर एकदम लावता येतात. १९९० पासून उपलब्ध असलेले, आज्ञा टाइप करून चालवायचे ‘इमेजमॅजिक’ हे सॉफ्टवेअर तर एकाच आज्ञेत अख्ख्या फोल्डरमधील छायाचित्रांचा आकार बदलते. मात्र त्यातील ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा, वेगळे फोल्डर न सुचवल्यास, मूळ फायलीच बदलून टाकते, तेव्हा प्रती आधी काढून ठेवलेल्या बऱ्या.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक