कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस, हातात खाऊ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणपतीचे ढोल-ताशे सुरू झाले की हरवलेल्या पाळीव कुत्र्यांचे फोटो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसू लागतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर ते थांबतच नाहीत. साहजिकच पट्ट्याला लावायच्या जीपीएस ट्रॅकरची चौकशी या दिवसांत वाढते. ट्रॅकर जरूर घ्यावा. पण ‘आता ट्रॅकर आहे, मोकळा सोडला तरी चालेल’ हा समज घातक आहे, आणि ट्रॅकरच्या जोडीला शॉक देणारा पट्टा गळ्यात मारणारे विक्रेते तर कुत्र्याचे नुकसानच करतात. मारझोड न करता, खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवणाऱ्यांना ट्रॅकरचा फार चांगला उपयोग होतो. तो कसा करायचा हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

ट्रॅकर कुत्र्याला काहीच सांगत नाही. तो माणसाला सांगतो, आणि तेही उशिरा. उपग्रहांच्या संदेशांवरून तो स्वतःची जागा ठरवतो आणि मोबाइल नेटवर्कवरून ती आपल्या फोनला कळवतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश खाली येईपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. मोकळ्या मैदानावर जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने बरोबर मिळते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात हाच संदेश भिंतींवर आपटून येतो आणि चूक सहज २०-३० मीटरवर जाते. कुत्रा लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावर उतरला तर नकाशावर काहीच फरक दिसत नाही. आणि सह्याद्रीत जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे ट्रॅकरला आपली जागा कळते पण कळवता येत नाही. ट्रेकला कुत्रा नेणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

नेहमीच्या वापरात बहुतेक ट्रॅकर काही मिनिटांनी एकदा जागा कळवतात, त्यामुळे बॅटरी काही दिवस पुरते. ‘लाइव्ह’ केला की दर दोन-पाच सेकंदांनी कळवतात, पण मग तीच बॅटरी काही तासांत संपते. जिवाच्या भीतीने पळणारा मध्यम आकाराचा कुत्रा ताशी ३० किलोमीटरचा वेग सहज गाठतो, म्हणजे मिनिटाला अर्धा किलोमीटर. फोनवर जागा कळेपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असतो.

ट्रॅकरच्या नकाशावर घराभोवती सीमा आखता येते, आणि कुत्रा ती ओलांडून गेला की फोनवर सूचना येते. तिचेही तसेच. फ्लॅटभोवती दहा-पंधरा मीटरचे वर्तुळ आखले तर कुत्रा सोफ्यावर झोपलेला असतानाही ‘कुत्रा बाहेर गेला’ अशी सूचना येते, कारण घरात संदेश नीट मिळत नाही आणि जागा हलत राहते. चार-पाच वेळा असे झाले की ‘लांडगा आला रे आला’ म्हणून माणूस सूचनाच बंद करून टाकतो. शहरात हे वर्तुळ ५० ते ७५ मीटरचे ठेवावे. आखल्यावर कुत्र्याला दोरीवर घेऊन त्याबाहेर चालत जावे आणि सूचना किती वेळाने येते ते घड्याळ लावून पाहावे. जो आकडा येईल तोच आपल्या परिसरातला खरा आकडा, खोक्यावर काहीही छापलेले असो.

आता शॉकच्या पट्ट्याबद्दल. जीपीएसच्या सीमेला शॉक जोडला की ही सगळी चूक आणि हा सगळा उशीर थेट कुत्र्याच्या मानेवर उतरतो. स्वतःच्या अंगणात उभा असताना त्याला झटका बसू शकतो. झटका बसला त्या क्षणी समोर जे दिसत असेल, मग ते शेजारचे मूल असो, स्कूटर असो की दुसरा कुत्रा, त्याच्याशी तो वेदना जोडतो. त्यातून भीती आणि पुढे चावणे येते. फटाक्याला घाबरून सीमेपलीकडे गेलेला कुत्रा घरी परतू लागला की सीमेवर पुन्हा झटका बसू शकतो, म्हणजे घराची वाटच त्याला दुखवते. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत. आपल्याकडेही ते दुकानाच्या फळीवर असू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रॅकर लावायचा तर आधी कुत्र्याला त्याची सवय करावी. पहिले तीन-चार दिवस तो बंद ठेवूनच, जेवणाच्या वेळी पाच-दहा मिनिटे लावावा आणि जेवण संपताच काढावा. कुत्रा मान झटकत असेल, खाजवत असेल, सारखे ओठ चाटत असेल तर वेळ कमी करावा. अनेक ट्रॅकरमध्ये शोधण्यासाठी आवाजाचे बटण असते. तो आवाज कुत्र्याने पहिल्यांदा ऐकावा तो ट्रॅकर गळ्यात नसताना, दोन-तीन घड्यांच्या टॉवेलमध्ये गुंडाळून, लांबून. आधी आवाज, लगेच खाऊ. हा क्रम उलटा झाला तर आवाजाला काही अर्थ उरत नाही. दिवसाला आठ-दहा वेळा असे केले की आवाज ऐकताच कुत्रा मालकाकडे बघू लागतो. मग टॉवेल काढावा आणि शेवटी ट्रॅकर पट्ट्यावर लावावा. या आवाजाचा शाबासकीसारखा वापर मात्र करू नये. शाबासकी एक-दोन सेकंदांत मिळाली तरच कुत्र्याला कळते, आणि फोनवरून दाबलेले बटण इतक्या लवकर कधीच पोहोचत नाही. त्यासाठी तोंडाने म्हटलेला शब्द हवा. बोलावण्याचा शब्द ‘ये’ असेल तर शाबासकीला ‘येस’ म्हणू नये. दोन्ही कानाला सारखेच लागतात. ‘शाब्बास’ उत्तम.

बोलावल्यावर येणे हा सगळ्या प्रशिक्षणाचा कणा. सुरुवात घरातल्या घरात, मग गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, मग मैदानावर १० मीटरच्या दोरीवर. दोरी नायलॉनच्या सपाट पट्टीची, १५ ते २० मिलिमीटर रुंद असावी. टोकाला हाताची फास नको, ती झुडपात अडकते. दोरी नेहमी हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला लावावी, गळ्याच्या पट्ट्याला नाही. २० किलोचा कुत्रा धावत दोरीच्या टोकाला पोहोचला की सगळा हिसका मानेला बसतो. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा आणि खरोखर आवडीचा हवा: उकडलेले चिकन, कलेजी, पनीर. बिस्किटे नकोत, मनुका तर अजिबात नकोत, त्या कुत्र्याला विषारी असतात. दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ होऊ देऊ नये. सराव तीन ते पाच मिनिटांचा. दहापैकी आठ-नऊ वेळा आला तर अंतर वाढवावे. सहा-सात वेळाच आला तर एक पायरी मागे यावे. एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी. अंतर वाढवले तर त्या दिवशी जागा शांत निवडावी. आणि बोलावून अंघोळ घालणे, रागावणे, बांधून ठेवणे हे कधीच करू नये. पाचपैकी एकदा जरी असे झाले तरी कुत्रा हिशेब ठेवतो.

यात ट्रॅकरचे काम नोंदवहीचे. सरावाच्या वेळी तो लाइव्ह ठेवावा आणि घरी आल्यावर कुत्रा कुठून कसा फिरला ती नकाशावरची वाट तपासावी. त्यात एकेका सेकंदाचे किंवा वेगाचे आकडे शोधू नयेत: दोन सेकंदांत ५ मीटरची चूक झाली तर जागेवर बसलेला कुत्राही ताशी ९ किलोमीटरने पळताना दिसतो. बसलेल्या कुत्र्याची वाट नकाशावर गुंतलेल्या लोकरीसारखी दिसते, त्याने गोंधळून जाऊ नये. बघायचे ते मोठे वळण. कुत्रा मालकापासून किती लांब जाऊन स्वतःहून वळतो? शेतावर किंवा कुंपणाच्या मोठ्या मैदानात ही नोंद सोन्यासारखी आहे. न बोलावता वळून येणे किंवा वळून बघणे, याला दर वेळी खाऊ द्यावा. हे वळणे ३० मीटरवर होत असेल तर त्या कुत्र्याला ६० मीटरवरून हाक मारून उपयोग नाही. तो ऐकत नाही म्हणून हट्टी ठरतो, पण शिकवणीच तिथपर्यंत पोहोचलेली नसते. बोलावण्यातल्या यशापेक्षा या आपसूक वळण्याकडे आम्ही अधिक लक्ष देतो.

दुसरा मोठा उपयोग इतर कुत्र्यांवर भुंकून तुटून पडणाऱ्या कुत्र्यांसाठी. अशा कुत्र्याला किती अंतरावर त्रास सुरू होतो ते आधी ठरवावे लागते. रोजच्या फेरीत तो ताठ झाला, शेपूट वर गेली, खाऊ घ्यायचा थांबला की त्या ठिकाणी फोनच्या नकाशावर खूण करावी आणि समोरचा कुत्रा कुठे होता तेही खुणेने दाखवावे. आठवडाभरात चित्र स्पष्ट होते. समजा अंतर २५ मीटर आले, तर सराव ३५ ते ४० मीटरवर करावा: समोरचा कुत्रा दिसला की खाऊ सुरू, दिसेनासा झाला की खाऊ बंद. दर आठवड्याला थोडे जवळ. यंत्राची चूकच ५ मीटरची असल्याने दोन मीटरच्या प्रगतीचा आनंद मानू नये आणि दोन मीटरच्या पीछेहाटीने खचूही नये. या खुणांवरून कोणता रस्ता कोणत्या वेळी टाळायचा तेही कळते. सकाळी सातला दूधकेंद्रासमोर चार मोकाट कुत्रे जमत असतील तर ती फेरी सहाला नेणे हेही प्रशिक्षणच आहे.

फिरवायला माणूस ठेवलेला असेल तर नकाशावरच्या वाटेवरून फेरी खरोखर किती झाली ते समजते. पण नकाशावर कुत्रा थांबलेला दिसला म्हणून लगेच त्या माणसाला बोल लावू नये. कुत्रा एकेका खांबाशी मिनिटभर वास घेत उभा राहतो, आणि ही त्याची सर्वात चांगली करमणूक असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

ट्रॅकर कुठे बसतो याकडे बारीक लक्ष द्यावे. वजनामुळे तो घसरून गळ्याखाली गेला की कुत्र्याचे शरीरच उपग्रहांच्या आड येते. पट्टा इतका घट्ट असावा की आत दोनच बोटे जातील. साखळीचा पट्टा वापरू नये. कारवानसारख्या जातींची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा मागे ओढला की डोक्यावरून निघतो आणि ट्रॅकर पट्ट्यासकट रस्त्यावर राहतो. त्यांना ओढल्यावर मर्यादित आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्यावा. तीन-चार किलोच्या छोट्या कुत्र्याला ३५ ग्रॅमचा ट्रॅकरही जड होतो. पावसाळ्यात पट्ट्याखालची कातडी ओली राहून चिघळते, म्हणून घरात असताना, दाराला कडी असेल तेव्हा, पट्टा काढून मान कोरडी करावी. कोकणात समुद्रावर नेल्यास ट्रॅकर गोड्या पाण्याने धुवावा, आणि चार्जिंगचे पितळी ठिपके पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नये, ते गंजतात.

सगळी काळजी घेऊनही कुत्रा पळालाच, तर ट्रॅकर लगेच लाइव्ह करावा आणि नकाशावरच्या ठिपक्याआधी शेजारची वेळ वाचावी. दहा मिनिटांपूर्वीच्या ठिपक्यामागे धावण्यात अर्थ नसतो. एकाने घरीच थांबावे, दार उघडे ठेवावे. घाबरलेला कुत्रा उभ्या गाडीखाली किंवा गटाराच्या पाइपमध्ये शिरतो, तिथे संदेश मिळत नाही. म्हणून शेवटच्या ठिपक्याभोवतीच्या गाड्यांखाली टॉर्च लावून पाहावे. दिसला की धावू नये, ओरडू नये. पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून खाली बसावे आणि खाऊ टाकत राहावे. ट्रॅकरचा आवाज त्याला खाऊशी जोडून शिकवलेला असेल तरच वाजवावा, नाहीतर तो आणखी पळेल. हाती आल्यावर एक शब्दही रागाचा नको.

खरेदी करताना दुकानदाराला एवढे विचारावे: जागा किती वेळाने कळते, लाइव्हवर बॅटरी किती तास टिकते, ट्रॅकर कोणत्या नेटवर्कवर चालतो, सिम बदलता येते का, वर्षाचे शुल्क किती. २जी वर चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये जिओचे सिम चालत नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला ट्रॅकर इथल्या नेटवर्कवर चालेलच असे नाही. ‘ट्रॅकर’ म्हणून विकले जाणारे ब्लूटूथचे टॅग आसपासच्या फोनवर अवलंबून असतात. गर्दीत उपयोगी, माळरानावर निरुपयोगी, आणि आतला बटण सेल कुत्र्याने गिळला तर अन्ननलिका भाजते. कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप म्हणजेही जीपीएस नव्हे. तिच्यात फक्त १५ अंकी क्रमांक असतो आणि तो वाचायला यंत्र अगदी जवळ न्यावे लागते. फोन नंबर कोरलेला पितळी बिल्ला मात्र या सगळ्यांबरोबर गळ्यात हवाच. त्याला चार्जिंग, रिचार्ज, रेंज काही लागत नाही, आणि तो रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येतो.

आपले,
श्वानप्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक, पुणे