पडायची लाज नंतर येते

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास ना, की आई आता माझं नवीन काही शिकायचं वय राहिलं नाही, स्विमिंगच्या क्लासला सगळी आठ-दहा वर्षांची पोरं आणि त्यात मी एकटाच घोडा काठाला धरून उभा. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यातून जाईना, आणि फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. सल्ले तुला आवडत नाहीत माहितीये मला, पण हा माझा नाहीचे, तुझ्या लेकीचा आहे. तिचं तर तू निमूट ऐकतोस.

ती चालायला लागली तेव्हा मी तुमच्याकडेच होते. तेव्हापासून या वयाच्या मुलांबद्दल मिळेल ते वाचत बसते, रिटायर्ड माणसाला दुसरा उद्योग काय. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या टीमचा २०१२ सालचा एक अभ्यास आहे. १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना त्यांनी बघितली, तर पोरं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला १७ वेळा रे! तू क्लासमध्ये एकदा नाकातोंडात पाणी गेलं तर पुढचा आठवडा दांडी मारतोस.

पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी जास्त आवडलं. रांगण्यात ही मुलं तोवर एकदम तरबेज झालेली असतात, आपली बया आठवतेय ना, सोफ्याखालून बॉल घेऊन सुसाट यायची. मग येणारी गोष्ट सोडून न येणारी कशाला धरायची? तर त्यांना असं दिसलं की नवीन चालणारं मूल धडपडत का होईना पण रांगणाऱ्यापेक्षा जास्त लांब आणि जास्त वेगात जातं, आणि जेवढं अंतर कापतं त्या मानाने बघितलं तर पडणं काही जास्त नसतंच. म्हणजे पडणं वाढल्यासारखं वाटतं कारण फिरणं वाढलेलं असतं. हे वाचलं आणि मला तुझी नोकरीच आठवली, जिथे तुला सगळं डोळे मिटून जमतं आणि जिथे तू रोज कंटाळतोस. असो, त्यात मी पडत नाही.

आता तू म्हणशील तिला कुठे लोकं काय म्हणतील हे कळतंय. बरोबरच आहे, आणि मला नेमकं तेच सांगायचंय. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला लाल रंग लावून आरशासमोर बसवायचं अशी एक जुनी टेस्ट आहे. लहान बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसतं, पण साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतं, म्हणजे आरशातलं ते आपणच हे त्याला समजलेलं असतं. आणि ज्या मुलांना हे समजलेलं असतं तीच मुलं कुणी टक लावून बघितलं की ओशाळतात, लाजतात, असंही संशोधकांना दिसलंय. म्हणजे आपण कसे दिसतोय ही काळजी जन्मापासूनची नाहीये, ती मागून येऊन बसलेली आहे, आणि चालणं तर ती यायच्या आधीच शिकून झालेलं असतं. नशीबच म्हणायचं, नाहीतर अर्धी दुनिया अजून रांगत असती.

बाकी लहान मुलं म्हणजे देवाघरची फुलं, मनात काही ठेवत नाहीत, वगैरे लोक म्हणतात ते मला अर्धंच पटतं. तुझी लेक चावते. दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढून घेते आणि वर तीच भोकाड पसरते. त्यातलं काही शिकायला जाऊ नकोस. पण एक बघ, रडायचं तेव्हा ती जीव तोडून रडते आणि झालं की झालं, तुझ्या मात्र सोमवारच्या मीटिंगचा राग गुरुवारपर्यंत चेहऱ्यावर दिसतो. आणि जमत नसलं की सरळ हात वर करून उचल म्हणते, तुझ्यासारखं कुणी आपणहून ओळखावं म्हणून वाट बघत नाही. तुझ्या बायकोलाही हे वाचून दाखव, ती माझ्या बाजूने असेल.

अजून एक राहिलं, ते फ्रिजवरच्या तक्त्याचं. खेळणी आवरली की स्टिकर, चमचा आणून दिला की स्टिकर, हे काय चालवलंय तुम्ही? वारनेकेन आणि टोमासेलो म्हणून दोघं संशोधक आहेत. त्यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी माणसाच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात पोचत नसला तर १८ महिन्यांची मुलं आपणहून उठून तो उचलून देतात, कुणी सांगितलेलं नसतं, बक्षीस नसतं. पुढे २००८ मध्ये त्यांनी २० महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणं द्यायला सुरुवात केली, तर नंतर बक्षीस बंद झाल्यावर त्या मुलांची मदतच कमी झाली. ज्यांचं नुसतं तोंडी कौतुक केलं होतं त्यांचं तसं झालं नाही. ती बिचारी आपणहून चमचा घेऊन धावत येतेय आणि तुम्ही तिला त्याचा पगार लावताय! तो तक्ता काढून टाका, एवढं माझं ऐका.

आणि शनिवारच्या क्लासला जाताना तिलाही घेऊन जा, बसू दे काठावर. तुला कितपत पोहता येतं याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही, बाबा पाण्यात आहे म्हटल्यावर ती टाळ्याच वाजवणार. टॉवेल जास्तीचा ठेव, ती भिजल्याशिवाय राहायची नाही.

तुझी,
आई